सर्जानं सोडलेला बॉल

आबा जगदाळेंनी सर्जाच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेपर्यंत सर्जाला कळलं नव्हतं की त्याला संघातून काढलाय.

मला कळलं होतं. मी त्याच्या शेजारीच मांडी घालून बसलो होतो आणि टाळ्या वाजवत होतो.

कोल्हापुरात तालीम म्हणजे पेठेचा फुटबॉल संघ. आमची पागा तालीम. कुस्तीची माती उरली होती ती मारुतीच्या पुढ्यात वीतभर, बाकी भिंतीवर सगळ्या ढाली आणि फोटो. सर्जेराव निगडे एकोणीस वर्षं पागेचा सेंटर फॉरवर्ड होता. त्यातली चौदा वर्षं मी, हिंदुराव चौगले, त्याच्या मागं खेळलो. तो सदतीसचा, मी तेहतीसचा. नवीन हंगामाची नोंदणी आठ दिवसांवर आली होती. नोंदणीच्या कागदावर सही केली की माणूस वर्षभर त्या तालमीचा.

आबा तालमीचे अध्यक्ष. ते म्हणाले, सर्जेरावांनी पागेची सेवा केली, आता त्यांनी मार्गदर्शन करावं.

"मार्गदर्शन म्हणजे?" सर्जानं विचारलं.

"म्हणजे आमच्या शेजारी खुर्चीवर बसायचं. मानानं."

"खेळायचं न्हाई?"

आबांनी सगळ्यांकडं बघून हसून घेतलं. गोव्याहून दोन पोरं आणलीत, वीस-बावीसची, वाऱ्यासारखी पळतात, असं काहीतरी सांगितलं. सर्जा म्हणाला, मला कुणी विचारलं नाही. त्यावर आबा म्हणाले, "सत्काराला कोण विचारतंय व्हय?" आणि अख्खी तालीम हसली. मीही हसलो.

सर्जानं शाल काढली. नीट घडी घातली. उठून आबांच्या मांडीवर ठेवली.

"तुमीच घ्या. थंडी पडालीया."

नारळ मारुतीपुढं ठेवून तो चपला घालून गेला. मी मागनं जायला पाहिजे होतं. पण चहा येत होता.

नोंदणीच्या आधी कोल्हापुरात खेळाडू लपवतात. दुसऱ्या पेठेनं पळवू नये म्हणून त्याला कुणाच्या तरी मळ्यात नेऊन ठेवायचं. तांबडा-पांढरा रस्सा, पत्ते, टीव्ही, सगळं चोख. फक्त दाराला बाहेरून कडी. सर्जाला मीच दोनदा असा पन्हाळ्याच्या पायथ्याला नेऊन कोंडला होता. तो आत बसून माझ्या नावानं शिव्या घालायचा आणि मी बाहेर ओट्यावर बसून त्याला भजी पाठवायचो. इतका तो मोलाचा होता.

त्या वर्षी त्याला कुणी लपवला नाही आणि कुणी पळवलाही नाही. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला, बाजार भरलेला असताना, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवून तो पागा चौकातनं चालत निघाला. दगडी वेशीकडं. दगडी वेस म्हणजे आमचे तीन पिढ्यांचे वैरी. त्यांच्या पेठेत आमची सोयरीकसुद्धा होत नाही.

मी सायकल आडवी घातली.

"सर्जा, परत फिर. पेठ काय म्हणंल?"

"पेठेला काय म्हणायचं हुतं ते तिनं काल म्हटलं."

"आरं पण दगडी वेस, लेका!"

"त्यास्नी म्या इचारलं, किती दिस खेळवणार? म्हणाले, पाय चालतील तवर. आबांना इचार बरं तुझं किती दिस." त्यानं माझ्या सायकलीचं हँडल धरून बाजूला केलं. "फुडची शाल तुझी हाय, हिंद्या. माप देऊन ठेव."

तो गेला. भाजीवाल्या बायका बघत होत्या. मी त्याच्या मागं थुंकलो. हे पण लिहिलं पाहिजे.

मग पागेनं त्याचं काय करायचं ते केलं. तो राहायला आमच्याच गल्लीत. गल्लीतल्या न्हाव्यानं त्याची दाढी करायची बंद केली. दूधवाल्यानं रतीब तोडला. संक्रांतीला त्याच्या बायकोनं, शालनवहिनीनं, हळदीकुंकवाला वाण आणून ठेवलं. गल्लीतली एकही बाई तिच्या उंबऱ्यावर चढली नाही. माझी बायको जायला निघाली होती. मी म्हटलं, बस घरात. त्याच्या दारावर कुणीतरी चुन्यानं 'गद्दार' लिहिलं. मी लिहिलं नव्हतं. मी फक्त डबा धरला होता. सर्जानं ते पुसलं नाही. खाली खडूनं आपलं नाव लिहिलं. गल्लीत विचारणाऱ्याला म्हणाला, पोस्टमनचा घोटाळा नको.

आणि मैदानात तो खेळला. दगडी वेशीनं त्याला पुढनं काढून मागं उभा केला, स्टॉपर म्हणून. पळणं संपलं होतं, पण डोळा तोच. बॉल कुठं येणार ते त्याला आधी दिसायचं आणि तो तिथं जाऊन उभा असायचा, जसा काही बस थांब्यावर उभा आहे. आमची गोव्याची पोरं हंगामभर दुसऱ्यांवर गोल मारत राहिली. त्याच्यावर एकही झाला नाही. एप्रिलात फायनलला आम्ही आणि ते समोरासमोर आलो.

फायनलच्या दोन दिवस आधी, सकाळचा सराव झाल्यावर, आबांनी मला तालमीच्या कट्ट्यावर बोलावलं. दूध-केळी झाली. आबा म्हणाले, तुमची ती हाक होती ना.

होती. चौदा वर्षांत आमची एक हाक झाली होती. बॉल सर्जाकडं यायचा, त्याच्या पाठीला दोन माणसं चिकटलेली असायची, आणि मी मागनं धावत येऊन म्हणायचो, 'सोड'. ओरडून नाही. घशातल्या घशात, फक्त त्याला ऐकू जाईल इतकंच. सर्जा पाय फाकायचा, बॉल मधनं निघून माझ्याकडं यायचा, सगळे त्याच्याकडं बघत राहायचे आणि मी मारायचो. तो मागं वळून कधी बघायचा नाही. आवाज माझा असला की झालं. असे आम्ही किती गोल केले ते पागेतलं पोरगंसुद्धा सांगेल.

"चौदा वर्षं त्यो तुझ्या हाकंवर खेळलाय," आबा म्हणाले. "त्याच्या कानातनं पागा अजून गेली नसंल. पेनल्टी एरियात तेवढा त्याच्या मागं जा आणि म्हण."

मी उठलो. म्हटलं, "आबा, दुसरं काय पण सांगा. असलं आपल्याला जमणार न्हाई."

"बरं. नको जमू दे." आबांनी केळीची साल बादलीत टाकली. "नोंदणीला आता सहा महिनेच राह्यलं म्हण की. तुजं वय काय झालं रं हिंदुराव?"

मी कट्ट्यावरनं उतरलो. ताठ मानेनं घरी आलो आणि बायकोला सांगितलं, आज मी आबाला तोंडावर नाही म्हटलं. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला. दोन दिवस पुरला.

फायनलला स्टेडियम भरलेलं. एका बाजूला आमचा जांभळा, दुसऱ्या बाजूला त्यांचा चॉकलेटी. सर्जा मैदानात आला तेव्हा आमच्या बाजूनं जो शिव्यांचा लोट आला त्यात त्याची मेलेली आई पण सुटली नाही. ती माऊली आमच्या संघाला फायनलच्या आधी दहीभात पाठवायची.

पहिल्या हाफमध्ये त्यानं माझ्याकडनं चारदा बॉल काढून घेतला. धक्का नाही, लाथ नाही. मी वळायच्या आधीच तो बॉल घेऊन निघालेला असायचा. मी कुठं वळणार ते त्याला माझ्या आधी ठाऊक. चौथ्यांदा मी आपटलो तर त्यानं हात देऊन उठवला आणि म्हणाला, "उजव्या गुडघ्यावर भार टाकू नगंस. सुजलाय त्यो."

तो गुडघा सुजलाय हे मी पागेत कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाकावर बसलो असतो.

एवढ्या एका वाक्याचा मला जितका राग आला तितका त्या शिव्या मला कुणी दिल्या असत्या तरी आला नसता. कारण बाजूला खुर्चीवर आबा बसले होते आणि त्यांच्या मागं वॉर्म-अप करणारं एक पोरगं माझ्या जागेकडं बघत होतं. सर्जाला दिसलेलं आबांनाही दिसलं असेल, एवढंच माझ्या डोक्यात.

पाच मिनिटं उरली. शून्य-शून्य. डावीकडनं गोव्याच्या पोरानं बॉल जमिनीलगत आत घातला. पेनल्टी एरियात सर्जा बॉलच्या वाटेत येऊन उभा राहिला होता. त्याला फक्त पाय लावून बाहेर मारायचा होता. त्याच्या मागं मी. माझ्या मागं कुणी नाही.

मी म्हटलं, "सोड."

सर्जानं पाय फाकले. बॉल मधनं आला. मी मारला. त्यांचा गोलकीपर इक्बाल बागवान जागेवरनं हललासुद्धा नाही.

पुढं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो की ते तोंडातनं सुटलं. सवयीनं. विचार करायला वेळच नव्हता. ज्यानं फुटबॉल खेळला नाही त्याला हे पटेल. बॉल यायला लागला की भरपूर वेळ असतो. मी बॉल बघितला, सर्जाची पाठ बघितली, खुर्चीवरचे आबा बघितले, आणि मग म्हटलं. माझा आवाज हललासुद्धा नाही.

स्टेडियम उसळलं. पण बागवान रेफरीकडं धावत आला होता. रेफरी शिंत्रे सर, शाळेत पीटी घ्यायचे, कडक माणूस.

"सर, ह्यानं हाक मारली. म्या ऐकली. ह्यानं त्याला फसवलंय."

असा नियम आहे. समोरच्या खेळाडूला आवाज देऊन फसवलं तर गोल रद्द, फ्री किक त्यांना, आणि हाक मारणाऱ्याला पिवळं कार्ड. एवढंच. एक पिवळं कार्ड.

शिंत्रे सरांनी शिट्टी तोंडातनं काढली. म्हणाले, या गोंगाटात मी काही ऐकलेलं नाही. त्यांनी सर्जाला विचारलं, तुला ह्यानं हाक मारली का?

सर्जा 'हो' म्हणाला असता तर संपलं होतं. त्यानं माझ्याकडं बोट केलं.

"ह्याला इचारा सर. हिंदुराव मैदानात खोटं बोलत न्हाई."

शिंत्रे सर माझ्याकडं वळले. बागवान बघत होता. आमची पोरं मला मिठ्या मारायची थांबली होती.

"न्हाई सर," मी म्हटलं. "म्या तोंड उघडलं न्हाई."

सर्जा खाली बसला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती.

शिंत्रे सरांनी सेंटरकडं हात केला. गोल. आणि मग लोकांच्या डोक्यात उजेड पडला. लोकांनी हाक ऐकली नव्हती. लोकांनी एवढंच बघितलं होतं की पागेत वाढलेल्या माणसानं पागेविरुद्ध फायनलला, पाच मिनिटं राहिली असताना, पायात आलेला बॉल पाय फाकून सोडला. दगडी वेशीकडनं आवाज आला, विकला, विकला. आमच्या बाजूनं आवाज आला, सर्जा आपला, सर्जा आपला. दोन्हीचा अर्थ एकच होता. वीस हजार माणसं पहिल्यांदा एका मतावर आली होती.

शिट्टी वाजली तसे आबा मैदानात आले, मला मिठी मारली आणि कानाला लागून म्हणाले, "बग, म्हटलं न्हवतं?"

"म्या काय केलं न्हाई आबा."

"बरोबर." त्यांनी माझी पाठ थोपटली. "तू काय केलं न्हाईस. सगळं सर्जानंच केलं. आसंच ऱ्हाऊ दे."

तिकडं टचलाइनवर दगडी वेशीच्या चार-पाच जणांनी सर्जाला घेरलं होतं. त्यांनी त्याच्या अंगावरनं जर्सी ओढून काढली. तो हात वर करून उभा राहिला, पोराचा सदरा काढताना पोरगं उभं राहतं तसा.

मिरवणूक निघाली. हलगी, गुलाल, ट्रॅक्टर. गल्लीत शिरल्यावर आबांनी हात वर केला आणि मिरवणूक सर्जाच्या दारापुढं थांबवली. ज्या दारावर सहा महिने 'गद्दार' होतं ते एका पोरानं सदऱ्याच्या बाहीनं पुसलं. न्हावी होता, दूधवाला होता. सगळे म्हणत होते, हाडाचा आपला माणूस, सहा महिने शिव्या खाल्ल्या पण वेळेला पेठेच्या मिठाला जागला.

आधी शालनवहिनी बाहेर आली. हातात आरतीचं ताट. सहा महिन्यांत तिच्या दारापुढं माणूस उभा राहिला नव्हता, आणि आज अख्खी पेठ उभी होती. तिला वाटलं, नवऱ्यानं आपल्यासाठी केलं. आपल्याला पुन्हा माणसांत बसता यावं म्हणून. तिच्या तोंडावरचं ते बघून मला मिरवणुकीतनं पळून जावंसं वाटलं. मी गेलो नाही. मी ट्रॅक्टरवर पुढंच होतो.

सर्जा बाहेर आला. अंगात बनियन, पाय ओले.

"सर्जेराव, पेठ इसरत न्हाई," आबा म्हणाले आणि झेंडूचा हार पुढं केला.

"कशाबद्दल?"

"तुमी केलं त्याबद्दल."

"म्या काय केलं?"

आबांनी डोळा मारला. "चारचौघांत कशाला बोलायचं ते?"

लोक हसले. सर्जानं बायकोकडं बघितलं. ती ताट धरून उभी होती, निरांजन वाऱ्यानं विझू नये म्हणून पदर आडवा धरलेला. मला वाटलं, आता हा हार घालून घेईल. तिच्यासाठी घालून घेईल.

त्यानं आबांच्या हातातनं हार घेतला. ट्रॅक्टरपाशी आला. मी खाली वाकलो, का वाकलो ते मला आजही सांगता येत नाही, आणि त्यानं तो माझ्या गळ्यात घातला.

"गोल ह्येचा हाय," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग वळला, शालनवहिनीच्या हातातलं ताट आपल्या हातात घेतलं, म्हणाला, "चल आत", आणि दार लावलं. हलगीवाला क्षणभर थांबला होता, त्यानं पुन्हा सुरू केलं. तो हार घालून मी सगळी पेठ फिरलो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी उद्यमनगरात गेलो. सर्जा तिथं एका फौंड्रीत मोल्डर होता. वाळूच्या ढिगाऱ्याला पाठ लावून भाकरी खात होता. मी समोर उकिडवा बसलो. म्हटलं, सर्जा, मी हाक मारली होती.

तो चावत राहिला.

"मला म्हाईत हाय की," तो म्हणाला. "मला काय सांगालायस? ज्यास्नी म्हाईत न्हाई त्यास्नी जाऊन सांग."

एवढंच. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यानं डबा बंद केला आणि भट्टीकडं गेला.

त्यानंतर कुठल्याच तालमीनं त्याची सही घेतली नाही. पागेनं खुर्ची देऊ केली, तो आला नाही. पावसाळ्याच्या आत घर सोडून उचगावला गेला. मी आणखी तीन हंगाम खेळलो. सुजलेल्या गुडघ्यानं. आबांनी माझं वय पुन्हा विचारलं नाही. आणि तालमीत भिंतीवर सर्जाचा मोठा फोटो लागला, खाली सोनेरी अक्षरात 'निष्ठावंत खेळाडू'. पागेची पोरं प्रत्येक मॅचला निघताना मारुतीच्या पाया पडली की त्या फोटोला हात लावून जायची. मी बावीस वर्षं ते बघत आलो.

मग दोन वर्षांमागं एका लग्नात बागवान भेटला. केस पिकलेले, बांगड्यांचं दुकान मुलाकडं दिलेलं. पंगतीत शेजारी आला. मी जिलेबी खात होतो.

"हिंदुराव, तू हाक मारलीस ते म्या आमच्या संघाच्या तंबूत सांगितलं हुतं," तो म्हणाला. "आमच्या वस्तादास्नी. त्याच दिवशी."

"मग?"

"वस्ताद म्हणाले, गप बस. त्यानं फसवलं म्हटलं तर आपुन हरलो. सर्जा विकला गेला म्हटलं तर आपुन हरलो न्हाई." त्यानं पाण्याचा ग्लास उचलला. "म्या बी गप बसलो. मला फुडच्या वर्सी खेळायचं हुतं."

मी जिलेबी पानात ठेवली. म्हणजे त्यांच्या कारभाऱ्यांना माहीत होतं. आमच्या आबांना माहीत होतं. मला माहीत होतं. दोन पेठांनी मिळून एका माणसाला मधे ठेवून आपापलं तोंड पुसून घेतलं होतं, आणि आम्ही वैरी म्हणवून घेत होतो.

पुढच्या रविवारी तालमीची वार्षिक सभा होती. मी उठलो आणि सांगितलं. सगळं, हाकेपासून शिंत्रे सरांपर्यंत. मी तयारी करून गेलो होतो. मार बसेल, बाहेर काढतील, माझ्या दारावर चुना लागेल. लागू दे म्हटलं.

 मग मागं कुणीतरी शिट्टी मारली. आणि टाळ्या. पोरं हसत होती, एकमेकांच्या पाठीवर मारत होती. "काका, वाघ हाय तुमी! फायनलला असलं डोकं!" आबा चाकाच्या खुर्चीवर होते, ऐकू कमी यायचं, तरी तेही हसत होते. मी ओरडून म्हटलं, अरे मी खोटं बोललो, एका माणसाची जिंदगी घालवली. एक पोरगं म्हणालं, पण काका, पेठेसाठी ना?

मग त्यातल्याच एकाच्या डोक्यात आलं. "म्हंजे सर्जेरावांनी आपल्यासाठी बॉल सोडला न्हवता?"

"न्हाई."

"त्ये मनापासनं दगडी वेशीकडनं खेळत हुते?"

"मनापासनं."

"मग ह्यो फोटो हितं कशाला?"

स्टूल आणलं. दोघांनी फोटो उतरवला. सेक्रेटरीनं मला विचारलं, काका, तुमचा चांगला एखादा फोटो आहे का, जर्सीतला?

सर्जाचा फोटो मी काखेत मारला आणि तसाच उचगावला गेलो. दुपार होती. दार शालनवहिनीनं उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि आत गेली. सर्जा आतल्या खोलीतनं काठी टेकत आला. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याला सांगितलं, पागेत सभेत सगळ्यांसमोर बोललो. काही झाकलं नाही.

त्यानं फोटो हातात घेतला, खालची सोनेरी अक्षरं वाचली आणि भिंतीला पालथा लावून ठेवला.

"काय म्हणाली पागा?"

"टाळ्या वाजवल्या."

"वाजवणारच की." तो हसला नाही. "पागंत सांगून तुझं काय गेलं? चार टाळ्या आल्या. ज्या पोरांनी माझी जर्सी काढली त्यास्नी आता नातवंडं झाली. ती अजून सांगत्यात, सर्जा विकला गेला. दगडी वेशीत जाऊन सांग की."

"तिथं मारतील मला, सर्जा."

"मारतील," तो म्हणाला.

मी बघत होतो, तो 'आत ये' म्हणतोय का. तो दारात तसाच उभा होता, काठीवर दोन्ही हात ठेवून, बॉल यायची वाट बघायचा तसा.

मी चपला काढल्याच नव्हत्या. तसाच वळलो. उचगावातनं दगडी वेशीला जाणारी बस चौकात उभी होती. मी चढलो आणि पुढच्या सीटवर बसलो.